रविवार कोणाचा?

आपल्या साहित्यसभांतून, वर्धापनदिनाच्या भाषणांतून आणि ज्येष्ठांच्या बैठकींतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. तरुण जोडपी रविवारी घरी सापडत नाहीत. ती व्याख्यानाला येत नाहीत, ग्रंथालयाची पायरी चढत नाहीत, आल्यागेल्याची विचारपूस करीत नाहीत. ऊन उतरले की दुचाकीवर बसून डुमसला नाही तर चौपाटीला जातात, भजी खातात, छायाचित्रे काढतात आणि रात्री उशिरा परततात. तक्रारीचा समारोपही ठरलेला असतो: ही पिढी चैनी झाली, हिला घर नको, हिला संस्कृती नको.

राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त होऊन सुरतेतच स्थिरावलेल्या आम्हांस ही तक्रार अन्यायाची तर वाटतेच, पण त्याहून अधिक ती अज्ञानाची वाटते. म्हणूनच तिचा प्रतिवाद करण्यासाठी हा लेखप्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की रविवारची भटकंती ही संसारातून काढलेली पळवाट नाही. या शहरातील बहुसंख्य कष्टकरी मराठी जोडप्यांच्या बाबतीत तोच त्यांचा संसार होय. उरलेले सहा दिवस ही त्या संसाराची मजुरी आहे.

आधी हिशेब मांडू. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला हिशेबाखेरीज बोलणे जमत नाही.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, नवागाम या वस्त्यांतून राहणारा मराठी समाज मुख्यत्वे खानदेशातला. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापी खोऱ्याच्या रेल्वेने ही माणसे आली आणि लूम्सच्या खात्यांत, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत, रिंग रोडच्या कापडबाजारात कामाला लागली. लूम्सच्या खात्यातली पाळी बारा तासांची असते आणि ती ठराविक दिवसांनी पालटते. आज दिवसपाळी, तर पुढे रात्रपाळी. मजुरी मीटरवर. कापड निघाले तर पैसा, खाडा झाला तर काही नाही. म्हणजे सुट्टीसुद्धा ज्याची त्याने स्वतःच्या खिशातून विकत घ्यावयाची.

आठवड्याचे तास १६८. बारा तासांच्या सहा पाळ्या धरल्या तर त्यांतले ७२ गेले. जाण्यायेण्याला रोज एक तास धरला तर आणखी ६. सात तासांची झोप धरली तर ४९. उरले ४१. त्यांतले १७ सुट्टीच्या एका दिवसाचे आहेत. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी हाती उरतात ते अवघे चार तास. आंघोळ, जेवण, दळण, रेशन, मुलाचा अभ्यास आणि गावाकडचा फोन एवढे सगळे त्या चार तासांत बसवावयाचे असते. त्यात रात्रपाळी असेल तर नवरा सकाळी दारात येतो तेव्हा बायको मुलाला शाळेला पाठविण्याच्या घाईत असते. तो झोपतो तेव्हा ती आवाज होऊ नये म्हणून भांडी बाहेर नेऊन घासते. तो उठतो तेव्हा दिवेलागण झालेली असते आणि त्याची निघण्याची वेळ झालेली असते. एका खोलीत राहणारी ही दोन माणसे पंधरा-पंधरा दिवस एकमेकांना उभ्या उभ्याच भेटतात.

आणि तिचा दिवस? बाजारातून आलेल्या साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटविणे, काठाला लेस लावणे, सुटलेले दोरे कापणे अशी कामे सुरतेत हजारो बायका घरी बसून करतात. मोबदला नगावर. स्वयंपाक आणि धुणेभांडी आटोपल्यावर मधल्या वेळात हे काम होते, म्हणून त्याला कोणी काम म्हणत नाही. ती मात्र संध्याकाळी पाठ टेकते तेव्हा तिला ते कामच वाटते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०११ च्या जनगणनेत सुरत महापालिकेच्या हद्दीत ४४ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली, पण दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या साडेसातशेच्या आसपास. कारण उघड आहे. देशभरातून पुरुष येथे एकटे येतात आणि बायकामुले गावी ठेवतात. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आलेला विणकर मेसच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपतो आणि त्याचा संसार फोनवर चालतो. अशा शहरात नवराबायकोने एका छपराखाली राहणे हीच मोठी कमाई आहे. ज्यांनी ती केली, त्यांनी आठवड्यातून एकदा समुद्रावर जाऊन शेजारी शेजारी बसावे, हे आमच्या ज्येष्ठांना खुपते!

हा रविवार आकाशातून पडलेला नाही. तो मागून, भांडून मिळवलेला आहे, आणि तोही एका मराठी माणसाने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला आणि त्यात पहिली मागणी केली ती आठवड्याच्या सुट्टीची. तोवर गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत आणि सुट्टी म्हणजे मालकाची मर्जी. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट आमच्या वक्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 'दीनबंधु'चे संपादक असलेले हे लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत गेले. सत्यशोधक चळवळीतल्या या कार्यकर्त्याने सुट्टी मागितली ती कामगाराला देवदर्शन घडावे, समाजाचे काम करता यावे, कुटुंबाजवळ बसता यावे म्हणून. आज उधन्याचा विणकर बायकोला घेऊन डुमसला जातो तो लोखंड्यांच्या त्याच मागणीच्या जोरावर, त्याला त्यांचे नाव ठाऊक असो वा नसो. आमच्या सभांतून त्या नावाचा उच्चार होत नाही. त्या नावाने मिळालेल्या सुट्टीवर मात्र तोंडसुख घेतले जाते.

आता आरोप एकेक करून पाहू.

पहिला आरोप चैनीचा. डुमसला जाण्याचा खर्च तो काय? शहरातून वीसएक किलोमीटरचे पेट्रोल, भाजलेले कणीस, टोमॅटोच्या भज्यांची एक प्लेट, मुलासाठी फुगा. काळ्या रेतीच्या त्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी दूर जाते आणि पायांखाली चिखल लागतो. तेथे जाऊन कोणी श्रीमंत दिसत नाही. शहरातल्या शहरात जावयाचे तर अठवालाइन्सची चौपाटी आहे, जुना किल्ला आहे, पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावरील मलिक गोपीच्या नावाचे गोपी तळे आहे. वर्षातून एखादे वेळी एस. टी.ने सापुतारा. जे या खर्चाला चैन म्हणतात, त्यांच्याच घरच्या लग्नात सजावटीवर झालेला खर्च पाहिला तर अशा कित्येक जोडप्यांच्या वर्षभराच्या फेऱ्या त्यात निघतील.

शिवाय ज्या शहरात आपण राहतो त्याची रीतही ओळखावी. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण अशी म्हण ज्या शहराने जन्माला घातली, त्या शहरात माणसे सुट्टीच्या रात्री डुमस रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरून घरचा डबा उघडतात. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, घारी आणि भुसू घेऊन सगळे शहर गच्चीवर आणि पदपथावर उतरते. तेथे शेटही बसतो आणि त्याच्या खात्यातला कारागीरही बसतो. घराबाहेर बसून खाणे ही येथे नव्या पिढीची टूम नसून जुन्यांची परंपरा आहे. मराठी जोडपे त्या सतरंजीवर बसले म्हणजे ते बिघडले असे नव्हे. ते या गावचे झाले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आरोप वडीलधाऱ्यांना टाकून जाण्याचा. हा आरोप जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा तो सुनेच्या नावाने होतो, मुलाच्या नावाने क्वचितच. म्हणून तो नीट तपासला पाहिजे. रविवार हा घरातील सर्वांच्या विश्रांतीचा दिवस. सुनेच्या मात्र तो दुप्पट कामाचा. त्या दिवशी सर्व घरी असतात, म्हणून स्वयंपाक मोठा. पाहुणे येतात ते रविवारी. चादरी धुवायच्या त्या रविवारी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले, की घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, पुरुषाने आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली. पावणेपाच तासांहून अधिक काळ रोज चुलीपुढे आणि मोरीपुढे उभ्या असलेल्या स्त्रीला लोखंड्यांचा रविवार आजतागायत पोहोचलेला नाही. गिरणीला सुट्टी देणारा कायदा झाला, चुलीला सुट्टी देणारा झाला नाही. चुलीला सुट्टी मिळण्याचा एकच उपाय तिच्या हाती आहे: चुलीपासून दूर जाणे. भजी दुसऱ्याने तळावी, पान दुसऱ्याने मांडावे आणि तिने खावे, असे आठवड्यातून फक्त याच वेळी घडते. त्या दोन-तीन तासांना ज्यांची हरकत आहे, त्यांची खरी हरकत स्वयंपाकघर बंद राहण्याला आहे. ती त्यांनी संस्कृतीच्या नावाने मांडू नये.

वडीलधाऱ्यांनी एकटे पडावे असे आमचे म्हणणे नाही. आमचेही केस पांढरे झाले आहेत आणि संध्याकाळी दाराकडे डोळे लागणे म्हणजे काय ते आम्ही जाणतो. पण आठवड्यातून एक संध्याकाळ दाराला कडी लावून शेजारच्या समवयस्कांकडे जाऊन बसणे आपल्यालाही जमावे. आणि खोली एकच असेल तर त्या संध्याकाळची गरज मुलासुनेला किती असते, हे वेगळे सांगावयास नको. एका खोलीत सासूसासरे, दीर आणि मुले यांच्या देखत नवराबायकोला साधे मनातले बोलायचे तर बोलणार कोठे? त्यांच्यासाठी समुद्रकिनारा हीच दुसरी खोली.

तिसरा आरोप संस्कृतीचा. येथे आमचा आवाज थोडा चढला तर वाचकांनी क्षमा करावी. नवराबायकोने जोडीने घराबाहेर पडणे हे संस्कृतीला सोडून आहे, हा आक्षेप आजचा नाही. आनंदीबाई जोशी गोपाळरावांबरोबर रस्त्याने चालू लागल्या की लोक कुचेष्टा करीत. न्यायमूर्ती रानडे यांनी रमाबाईंना शिकवावयास घेतले तेव्हा घरातील बायकांनी त्यांना कसे बोलून बोलून हैराण केले, ते रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. त्या पुस्तकाचे गोडवे आपण व्यासपीठावरून गातो. नवऱ्याने बायकोसाठी वेळ काढला, एवढ्यावरून उठलेले ते वादळ होते. पुस्तकातल्या जोडप्याचे कौतुक करावयाचे आणि गल्लीतल्या जोडप्याला नावे ठेवावयाची, हा कोणता साहित्यप्रेमाचा प्रकार?

सुरतेपुरते बोलावयाचे तर येथील मराठी विद्वत्तेचा वारसा नेमका उलटा आहे. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने या शहरात मानवधर्म सभा उभी करणाऱ्यांत आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. रूढीला प्रश्न विचारणे हे त्या सभेचे काम होते. याच शहराच्या नर्मदने विधवाविवाहाचा पुरस्कार केला आणि तो आपल्या घरातही आचरला. या शहरात मराठी साहित्याची सभा चालवावयाची तर दादोबांचे वारस म्हणून चालवावी. रस्त्याने जोडीने जाणाऱ्यांकडे ओट्यावरून पाहून नाके मुरडणाऱ्यांचे वारस म्हणून नव्हे.

आणि संस्कृती विसरली म्हणजे काय विसरले? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांतून त्या दिवशी रोटांचा सुवास येतो, अहिराणी गाणी रात्रभर चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. त्या मिरवणुकीत नाचणारी सून आणि डोक्यावर देवी घेतलेला मुलगा कोण असतात? डुमसला जाणारे तेच. महापालिकेच्या मराठी शाळांत आपली मुले घालणारे पालक कोण? बहुतांशी तेच. आमच्या सभासदांपैकी पुष्कळांची नातवंडे इंग्रजी शाळांत आहेत, आणि भाषा बुडाल्याचा ठपका मात्र लूम्सच्या कारागिरावर!

हा वाद केवळ घरगुती राहिलेला नाही, म्हणूनच आम्ही तो इतक्या आग्रहाने मांडतो आहोत. रविवार काढून घेऊ पाहणारे दुसरीकडे बसले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे भाषण बाहेर आले. आपल्या माणसांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची त्यांनी खंत केली, ९० तासांची भाषा केली आणि घरी बसून माणूस बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असा प्रश्न केला. त्या कंपनीचा मोठा कारखाना सुरतेजवळ हजीऱ्याला आहे, म्हणून हे बोल येथल्या घराघरांत पोहोचले. उत्तर अवघड नाही. ज्याला सहा दिवस बायकोचा चेहरा नीट पाहावयास मिळत नाही, तो सातव्या दिवशी पुष्कळ वेळ पाहू शकतो.

त्याच २०२५ साली गुजरात सरकारने आधी वटहुकूम काढून आणि मग विधेयक आणून कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास वाव दिला. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट त्यात आहे. कागद आम्ही आयुष्यभर वाचले आहेत, म्हणून अटीचे महत्त्व आम्ही जाणतो. बारा तासांचे चार दिवस झाले की आठवड्याचे काम संपले, असे तो कागद सांगतो. पण ज्या खात्यांत बारा तासांचे सहा दिवस आधीपासूनच भरत आले आहेत, तेथे कारागीर मीटरवर पोट भरतो. त्याच्या संमतीच्या सहीला किती अर्थ उरतो, हे त्या खात्याच्या दारात उभे राहिल्यावरच कळते. अशा वेळी समाजातील जाणत्यांनी त्या जोडप्याच्या बाजूने उभे राहावयाचे, की वरून मालक आणि खालून ज्येष्ठ अशा दोन्हीकडून त्याचा रविवार कुरतडावयाचा?

सगळ्याच भटकंतीचे आम्ही गोडवे गात नाही. शेजारी बसून दोघांनी दोन मोबाइलांत डोके घातले तर समुद्राचा काय दोष? हप्त्यावर वस्तू घेण्यासाठी वातानुकूलित मॉलमध्ये हिंडणे हा विसावा नव्हे, हेही खरे. पण या दोषांवरचा उपाय घरात डांबणे हा नाही. जाण्यासारखे काही चांगले दिले तर माणसे तेथे जातात. आणि चांगले देणे हे ज्यांचे काम, त्यांनीच आजवर काय दिले?

आपल्या संस्थेचे कार्यक्रम असतात रविवारी संध्याकाळी पाच वाजता. म्हणजे बरोबर त्याच वेळी, जी त्या दोघांची आठवड्यातली एकमेव वेळ. मूल रडले की मागे वळून पाहणाऱ्या माना असतात. वक्ता तासभर बोलतो आणि आभारप्रदर्शनाला पाऊण तास लागतो. अशा सभेसाठी त्या बाईने आपला समुद्र का सोडावा, याचे एक तरी कारण कोणी सांगावे.

म्हणून टीका सोडून कार्यकारिणीने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची मागणी आहे. व्याख्याने रविवारच्या सकाळी घ्यावीत आणि संध्याकाळ सोडून द्यावी. महिन्यातून एकदा पुस्तकांची पेटी चौपाटीवर किंवा गोपी तळ्याच्या काठी न्यावी, मुलांना अर्धा तास गोष्टी सांगाव्यात आणि तेवढा वेळ आईबापांना मोकळे सोडावे. त्यांनी ऐकलेच पाहिजे अशी सक्ती नको. आणि १० जूनला लोखंड्यांच्या नावाने एक सभा लूम्सच्या वस्तीत भरवावी. तिचे अध्यक्षपद त्या वस्तीतील टिकल्या चिकटविणाऱ्या एखाद्या बाईला द्यावे आणि तिचे भाषण अहिराणीत होऊ द्यावे. १८९० च्या सभेत दोन स्त्रिया बोलू शकल्या. इतक्या वर्षांनी आपल्या मंचावर एकीला जागा होण्यास हरकत नसावी.

हे जमणार नसेल तर निदान इतके तरी करावे. रविवारी संध्याकाळी एखादे जोडपे मुलाला मध्ये बसवून दुचाकीवरून डुमसच्या दिशेने जाताना दिसले, तर त्यांना जाऊ द्यावे. सोमवारी सकाळी सात वाजता त्याची पाळी आहे आणि तिची त्याही आधी सुरू होते.